यशाच्या खोल्या

“पाय दाखव त्याचे,” आई म्हणाली.

मालनला काही कळेना. दारात दस्तगीरची रिक्षा उभी होती. आत तिचा नवरा गुडघ्यांवर घोंगडं घेऊन बसला होता, आणि खोली मागायला आलेल्या बाईला घरमालकीण नवऱ्याचे पाय दाखवायला सांगत होती. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग दस्तगीरकडं.

“पाय कशापायी ओ?”

“दाव की बाई,” दस्तगीर म्हणाला. “काकूंचा नियम हाय. डॉक्टरच्या आधी काकू बघत्यात.”

आई रिक्षापाशी वाकली. घोंगड्याचं टोक वर करून तिनं त्या माणसाच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. अंगठ्याचा खळगा तसाच राहिला. आईनं पदराला हात पुसला.

“जागा नाही,” ती म्हणाली.

तीन नंबरच्या खोलीचं दार तिच्या पाठीमागं सताड उघडं होतं. सकाळीच धुतलेली फरशी अजून ओली होती. मालन त्या दारातून आत बघत राहिली.

“ही मोकळी हाय की.”

“ती ठरलेली आहे.”

मालननं गयावया केली नाही. नळावर जाऊन ओंजळभर पाणी आणलं, नवऱ्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, “ऊन उतरंस्तवर बसूया हितंच. मग बघू.”

नवऱ्यानं डोळे उघडले. पिवळे झाले होते. तो माझ्या आईकडं बघून म्हणाला, “काकू, मेंढरू इकत घेताना आमी बी पाय दाबत न्हाई. दात बघतो. माजं दात चांगलं हाईत, बघा.” आणि त्यानं खरोखरच दात दाखवले.

दस्तगीर मोठ्यानं हसला. आई नाही म्हणता म्हणता हसली. मग तिनं कमरेची किल्ली काढली आणि मालनच्या हातात दिली.

आईनं स्वतःचा नियम मोडलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. माझ्या माहितीत तरी तो शेवटचाच.

आई या माघात गेली. आता खोल्या माझ्याकडं आल्या आहेत. मिरजेत दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एका ओळीत चार, समोर नळ, शेवटी मोरी आणि पुढच्या अंगाला आमचं दोन खणांचं घर. भाचे म्हणतात, विकून टाक. एक एजंट दोनदा येऊन भिंती मोजून गेला. मी अजून उत्तर दिलेलं नाही. आईच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा मी खिळ्याला अडकवलाय, आणि येता-जाता तो दिसतो.

या खोल्या आईनं वडिलांच्या पैशातून घेतल्या. वडील रेल्वेत होते. यार्डात डबे जोडताना ते गेले, तेव्हा मी शाळेत होते. पैसे हातात आल्यावर दोन्ही काका बसले. एक म्हणाले गावाकडं जमीन घ्या, दुसरे म्हणाले बँकेत ठेवा. आईनं दोघांना चहा दिला आणि दुसऱ्या महिन्यात या खोल्या घेतल्या. तेव्हा त्या पडायला आल्या होत्या. “जमीन बघायला एसटीनं जावं लागतं,” ती मला नंतर म्हणाली, “आणि बँकेतला पैसा दिसत नाही. खोली रोज डोळ्यांसमोर असते. तिचं काय दुखतंय ते कळतं.”

मी बी.एड. करत असताना ती मला एकेक गोष्ट सांगत जायची. मास्तरकीचा भरवसा नसतो, खोल्यांचा असतो, असं तिचं मत. भाडं आठवड्याचं घ्यावं आणि आधी घ्यावं. महिन्याचं म्हटलं की माणूस घर मांडायला लागतो. कुलूप आपलं असावं. नात्यातल्याला आणि आपल्या गावच्याला खोली देऊ नये, कारण त्यांना निघा म्हणता येत नाही. नळ गळला तर त्याच दिवशी दुरुस्त करावा. “भाडं भिंतीचं नसतं ग, पाण्याचं असतं,” ती म्हणायची. “पाणी बंद झालं की माणसाला भिंतीतल्या सगळ्या चिरा दिसायला लागतात.”

पण आमच्या खोल्या भरलेल्या राहायच्या त्या पाण्यामुळं नव्हे. गल्लीत आमच्यासारख्या चाळीसेक खोल्या होत्या. जतपासून, अथणी-कागवाडपासून माणसं पेशंटला घेऊन यायची, आणि दवाखान्यात जागा मिळेपर्यंत किंवा टाके निघेपर्यंत या गल्लीत राहायची. त्या सगळ्या खोल्यांमध्ये शिंगटेकाकूंच्या खोल्यांना यश आहे, असं स्टँडवर रिक्षावाले सांगत. आमच्या खोलीत कधी कुणी दगावलं नव्हतं. काकूंच्या खोलीतून पेशंट चालत घरी जातो, असं बोललं जायचं. ऑपरेशनला घाबरलेल्या माणसाला एवढं पुरतं. शेजारच्या खोल्या रिकाम्या असताना आमच्याकडं माणसं पायरीवर बसून वाट बघायची.

हे यश कसं येतं ते मला माहीत होतं. आई पाय बघूनच पेशंट घ्यायची; सुजेवर अंगठ्याचा खळगा राहिला की माणूस फार दिवसांचा नाही, हे तिला ठाऊक होतं. घेतलेल्यांपैकी एखाद्याला डॉक्टरांनी ‘घरी न्या’ म्हटलं, की नातेवाइकांच्या आधी तिला त्याचा अर्थ कळायचा. मग ती स्वतः जीप ठरवायची, भाकरी-चटणी बांधून द्यायची, उरलेल्या दिवसांचं भाडं परत करायची आणि सूर्य मावळायच्या आत त्यांना गल्लीबाहेर काढायची. माणूस वाटेत गेला किंवा घरी जाऊन गेला, तो आमच्या खोलीत गेला नाही एवढं खरं. यात ती क्रूर आहे असं मला कधी वाटलं नाही. एका खोलीत मरण झालं की बाकीच्या तीन त्याच संध्याकाळी रिकाम्या होतील, आणि मग रिक्षा पुढच्या दारात थांबतील, हे आम्हां दोघींनाही ठाऊक होतं. दुसरं काही आमच्याकडं नव्हतं.

मालनच्या नवऱ्याचं नाव बिराप्पा. धनगर होते, जतच्या पलीकडचे. मेंढरं सासूवर आणि दोन पोरींवर सोडून आले होते. बिराप्पाचं यकृत गेलं होतं. “दारू न्हाई, काय न्हाई,” मालन सांगायची, “कशानं झालं कुणास ठावं.” तो उन्हाच्या वेळी दाराच्या आत भिंतीला टेकून बसायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलायचा. शेजारी दोन नंबरमध्ये बापू खोत होते, त्यांच्या बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन होणार होतं. त्या बाई भीतीनं जेवायच्या नाहीत. बिराप्पा त्यांना म्हणायचा, “वैनी, खावा. डॉक्टरला बी जरा काम असावं, नुसत्या हाडातनं काय हुडकंल त्यो?” त्या हसायच्या आणि अर्धी भाकरी खायच्या.

आईलाही तो चिडवायचा. “काकू, आज पाय बघितलं न्हाईत.”

“बघून काय करू? घोडा लावायचाय का शर्यतीला?”

“लावा की. पैला येतो का न्हाई बघा.”

होळी झाली आणि ऊन तापलं. एका दुपारी मालन दवाखान्यातून एकटीच आली आणि आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. बिराप्पाला त्यांनी सकाळीच खोलीवर पाठवून दिलं होतं. तिला थांबायला सांगितलं होतं, बोलायला.

“न्या म्हणाले,” ती म्हणाली.

आईनं पोळपाट बाजूला सारला. “मग आजच नीघ.”

“उद्याच्याला जातो, काकू. आज लई दमल्यात. डोळं बी उघडंनात.”

“आजच. उन्हाची जीप मिळते, रात्री कुणी येत नाही तिकडं. वसू, तू जा हिच्याबरोबर. दवाखान्यातले कागद घ्या आणि येताना जीप घेऊन या. मी बसते त्याच्यापाशी.”

मी आईला आत ओढलं. “एक रात्र राहू दे ना. बघ तरी तिच्याकडं.”

“बघितलंय.”

“मग?”

“परवा खोताची बायको टेबलावर जायचीय,” आई हळू आवाजात म्हणाली. “शेजारच्या दारातून मढं निघालेलं बघून जाईल ती? उठून गावाला जाईल ऑपरेशन टाकून. आणि मरेल. तिचं कोण बघायचं?”

मी चपला घातल्या.

कागदांना वेळ लागला. मालन बाकावर बसून होती. तिनं मला एकदाच विचारलं, “ताई, तुमी शिकलेल्या. घरी न्या म्हंजे औषध घरी घ्यायचं असंच ना?” मी हो म्हणाले असेन किंवा काहीच म्हणाले नसेन. स्टँडवर दोन जीपवाल्यांनी पेशंट म्हटल्यावर हात झटकले. तिसरा तयार झाला. तो जतकडचाच होता, रिकामा परत निघाला होता. “वाटंत काय झालं तर मी जबाबदार न्हाई,” एवढं त्यानं तीनदा सांगितलं.

आम्ही आलो तेव्हा आई तीन नंबरच्या बाहेर उभी होती. दार तिनं ओढून घेतलं होतं.

“हळू,” ती म्हणाली. “डोळा लागलाय. कधी नव्हे ती शांत झोप लागलीय, उठवू नका.”

तिनं त्याचा सदरा बदलला होता, केस विंचरले होते. टॉवेलाची घडी डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली घट्ट बांधली होती. “जीपचं वारं कानात जायला नको,” ती म्हणाली. मालननं नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. पत्र्याखालची खोली तापून भट्टी झालेली, कपाळ उनउनीत असणारच. ती म्हणाली, “ताप हाय अजून.”

“सुई दिलीय ना सकाळी. तिच्यानं गुंगी येते.”

घोंगड्याची झोळी करून त्याला उचललं. बापू खोतांनी आणि जीपवाल्यानं पाय धरले. डोक्याकडची बाजू आईनं धरली, मला धरू दिली नाही. मी पुढं जाऊन जीपचं दार उघडून उभी राहिले.

“गडी लई जड लागतोय ओ,” खोत म्हणाले.

“आजारी माणूस जडच असतं. बोलू नका, पाय सांभाळा.”

जीपवाल्यानं मान वाकडी करून आत बघितलं. “झोपलाय न्हवं?”

“मग काय नाचेल? बायकोच्या मांडीवर डोकं आहे, झोपेल नाही तर काय. चल, ऊन आहे तोवर पोच.”

खोतांची बायको दारात येऊन उभी होती. आईनं तिला ऐकू जाईल असं म्हटलं, “जरा बरं वाटायला लागलं की गाव आठवतं बघा माणसाला.” मग जीपच्या खिडकीशी जाऊन तिनं मालनच्या खांद्यावर हात ठेवला.

“बोलत राहा त्याच्याशी.”

“झोपल्यात की.”

“झोपेत ऐकू येतं माणसाला. गाव आलं, ओढा आला, सांगत जा. बरं वाटेल त्याला.”

जीप सुरू झाली. गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत मालनचा आवाज येत होता. “अवो, निघालो बगा आपुन. ही दस्तगीरभाऊंची रिक्षा. आता रेल्वेचं फाटक येतंय...”

संध्याकाळी आईनं डोक्यावरून अंघोळ केली. फार उकडतंय म्हणाली. तीन नंबरची फरशी तिनं दोन पिंपं पाणी ओतून स्वतः घासली, मला हात लावू दिला नाही. मग आमच्या घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून दिव्याखाली धरलं आणि बराच वेळ बघत बसली. मी विचारलं तर म्हणाली, “संकष्टी कधी आहे बघते.” दुसऱ्या दिवशी सकाळी तीन नंबरला कुलूप होतं.

“ओल आलीय,” ती म्हणाली. “श्रावणापर्यंत बंद ठेवायची ही.”

मला राग आला होता. ज्या खोलीपायी त्या दोघांना भर उन्हात हाकललं, ती कुलूप घालून ठेवायची होती तर रात्रभर राहू दिलं असतं तर काय झालं असतं? मी तसं बोललेही. आईनं मेथी निवडता निवडता वर बघितलं नाही. दस्तगीर पेशंट घेऊन यायचा, कुलूप बघून चकित व्हायचा. “काकू, सीझनला खोली बंद? डोकं फिरलंय काय?” खोतांच्या बायकोचं ऑपरेशन नीट झालं. जाताना ती सगळ्या दारांना हळदीकुंकू लावून चालत गेली. बंद दारालाही लावलं. आईनं ते ओल्या फडक्यानं पुसून काढलं. मला वाटलं, तिला बिराप्पाची आठवण येते. तिचा त्याच्यावर जीव बसला होता आणि त्याला असं घालवल्याचं तिला लागलं असावं. मी माझ्यापुरता तेवढा अर्थ लावला आणि परीक्षेच्या अभ्यासाला लागले.

मृग लागायचा होता. ढग नव्हते, वाराही नव्हता. दस्तगीरच्या रिक्षातून मालन उतरली. कपाळ मोकळं, हाडं वर आलेली. बरोबर तिची धाकटी बहीण कमळ. तिच्या पित्ताच्या पिशवीत खडे होते, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. मालननं आईच्या पायावर डोकं ठेवलं आणि शाळूच्या पिठाची पिशवी पुढं केली.

“तुमच्या घरचं यश, काकू. माणूस वाटंत गेलं न्हाई. घरात जाऊन गेलं.”

आई पिशवी हातात धरून उभी राहिली. मी चहाचं आधण ठेवलं. मालन उंबऱ्यावर बसून सांगत होती.

“तुमी म्हनला तसं बोलत गेले बगा. समदं सांगितलं त्येनला. पोरी काय करत असतील, कुठली मेंढी व्यायला झाली, समदं. हित हुतं तवा बोलायलाच गावलं न्हाई कदी. ओढ्यावर आलो, म्या म्हनलं, ओढा आला बगा. तर हुंकार दिला. जीपवाल्यानं बी ऐकला. सासूनं दारात त्येच्या तोंडात पानी घातलं. जरा भाईर आलं, जरा आत गेलं. मग आत न्हेऊन ठिवला आन् दिवा लावायच्या टायमाला हात गार लागला.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “सासू म्हनती, माज्या हातचं पानी पिऊन गेला माजा ल्योक. तेवड्यावर जगतीया म्हातारी.”

“चहा घे,” आई म्हणाली.

“नक्षत्र तेवडं वंगाळ निगालं. गुरव म्हनला, पाच महिनं घर बंद ठिवा, न्हाईतर आजून कुनाला तरी न्हेतंय. घराला काटं लावून भाईर पडलो. वाड्यावरच ऱ्हातोय मेंढरांसंगं, ताडपदरी टाकून. धाकट्या पोरीला इच्चू चावला. वाचली. काय करायचं, घरातच गेलं म्हनल्यावर पाळाय लागतंय.”

आईनं कप खाली ठेवला. तिनं एक घोटही घेतला नव्हता.

“आन् आता तीच खोली द्या, काकू. तीन नंबरची. कमळी भित्या. म्हनलं, तितली हवा लागंल तिला.”

“ती बंद आहे. एक नंबर घे, मोकळी आहे.”

“बंद कशापायी?”

“ओल आलीय.”

मालन उठली. पाठीमागून कमळ. ती तीन नंबरच्या दाराशी गेली, भिंतीवर तळहात ठेवला आणि काढला. हाताला पांढरा कोरडा चुना लागला होता. ती हाताकडं बघत राहिली. मी कप गोळा करत होते. तिनं मलाच विचारलं, अगदी सहज.

“ताई, कदीपास्नं बंद हाय ओ ही?”

“तुम्ही गेलात ना, तेव्हापासून,” मी म्हणाले. “श्रावणात उघडणार म्हणते आई.”

मालनचे ओठ हलले. ती महिने मोजत होती. मग कुलपाकडं तिनं असं बघितलं, की मीही बघितलं. त्या कुलपात नवीन काहीच नव्हतं. पण मला एकदम तो हनुवटीखाली बांधलेला टॉवेल दिसला. माझ्या वडिलांना घरी आणलं तेव्हा मी लहान होते, तरी त्यांच्या जबड्याला कुणीतरी तसाच पट्टा बांधलेला मला आठवत होता. मी हातातले कप पायरीवर ठेवले.

मालन आईसमोर येऊन उभी राहिली. आवाज चढला नव्हता.

“मग माजं घर कशापायी बंद हाय, काकू?”

आईनं मालनच्या डोळ्यांवरून डोळे काढले नाहीत.

“आन् मी कुनासंगं बोलत हुते वो, जतपातूर?”

नळाखालची बादली भरून वाहायला लागली होती. कमळ काहीच न कळून बहिणीकडं, मग आईकडं बघत होती. मालननं तिला म्हटलं, “कमळे, बादली काड.” कमळनं नळ बंद केला.

“तुम्ही निघालात दवाखान्याकडं, आणि मागोमाग,” आई म्हणाली. “पाणी मागितलं. मी आणेपर्यंत झालं होतं. मला दुसरं सुचलं नाही.”

“सुचलं की. केस इंचरायचं सुचलं.”

“घर उघड तू. आजच निरोप धाड. पोरींना आत घे. तिथं काही झालेलं नाही, तुझ्या घराला काही दोष नाही.”

“आन् लोकास्नी काय सांगू?” मालन म्हणाली. “सासूला काय सांगू? तू मड्याच्या तोंडात पानी घातलंस म्हनून?”

आई पायरीवर बसली. मी तिला असं बसलेलं वडील गेले तेव्हासुद्धा बघितलं नव्हतं. त्या वेळी ती उभी होती, माणसांना पाणी देत होती.

मला वाटलं, मालन निघून जाईल. दुसरी कुठलीही खोली मिळाली असती तिला. पण दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं, ऊन मरणाचं होतं आणि कमळ पोट धरून भिंतीला टेकली होती. मालननं पदराच्या गाठीतून आठवड्याचं भाडं काढून पायरीवर, आईच्या बाजूला ठेवलं. आईनं ते परत सरकवलं. मालननं पुन्हा पुढं सरकवलं. मग मी एक नंबरचं दार उघडून दिलं.

टाके निघेपर्यंत ती राहिली. भिंतीपलीकडं तिचा स्टो वाजायचा, भाकरी थापल्याचा आवाज यायचा. आईशी ती बोलली नाही आणि आईही तिच्या दारावरून जाताना खाली बघून जायची. चार नंबरला कागवाडची एक सासू-सून होत्या, म्हातारीच्या पोटातली गाठ काढायची होती. एका सकाळी नळावर सुनेनं मालनला विचारलं, “तुमचे मालक ह्याच खोल्यांत होते म्हणे ना? आणि गेले?” आई तेव्हा मोरीपाशी भांडी घासत होती. तिचा हात थांबला.

“हित न्हाई गेलं,” मालन म्हणाली. “घरात जाऊन गेलं. आईच्या हातचं पानी पिऊन.”

“मग बरं,” सून म्हणाली आणि घागर उचलून आत गेली. थोड्या वेळानं आतून म्हातारीला समजावल्याचा आवाज आला. मालननं बादली तिथंच ठेवली आणि मोरीच्या भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. आईची भांडी पुन्हा वाजायला लागली, पण फार हळू.

निघायच्या दिवशी कमळ स्वतःच्या पायांनी दारात आली. दस्तगीर रिक्षा घेऊन उभा होता. आईनं भाकरी बांधल्या होत्या, पण द्यायला पुढं झाली नाही. गाठोडं तिनं माझ्या हातात दिलं आणि मी ते रिक्षात ठेवलं. मालननं ते बघितलं, काढलं नाही.

मग ती आईजवळ आली.

“ही खोली तुमी कदी उगडनार?”

“तू म्हणशील तेव्हा. आज म्हणालीस तर आज उघडते. सांगते सगळ्यांना इथं काय झालं ते.” आई ते खरंच करणार होती. चार नंबरच्या दारात सून उभी होती. मालननं एकदा तिकडं बघितलं.

“नगं,” ती म्हणाली. “श्रावनातच उगडा. मी बी तवाच उगडीन. तवर दोगी बी पाळूया.”

रिक्षा गेली. आई तीन नंबरच्या पायरीवर संध्याकाळपर्यंत बसून राहिली. मी दोनदा जेवायला बोलावलं.

त्या वर्षी आषाढ अधिक होता. दोघींपैकी कुणालाच ते बोलताना आठवलं नव्हतं. श्रावण महिनाभर पुढं गेला, आणि तोवर जतकडंसुद्धा, मालनच्या ताडपदरीवर, पाऊस धरला होता.